बदामाची जागा

सोयाबीनची काढणी सुरू झाली की नांदेडच्या हवेत एक बारीक, पिवळट धूळ उतरते. शहरात शेत नसतं, पण शहराच्या चारी अंगांना मळणीयंत्रं घरघरत असतात आणि त्यांचा भुसा वाऱ्यावर बसून आत येतो. वर्गातल्या बाकांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, घशात. पोत्यांनी लादलेले टेम्पो लातूरच्या आडतीकडे निघतात. त्यांच्यामागे रस्त्यावर दाणे सांडत जातात आणि त्या दाण्यांवर होल्यांचे थवे उतरतात. कधीकाळी मला हे दिवस आवडायचे. पाऊस संपलेला, थंडी यायची असलेली, आणि माणसांच्या तोंडावर थोडं काहीतरी हाती आल्याची ओल.

यंदाही काढणी सुरू झाली, आणि त्याच सुमारास फोटो टाकायच्या त्या साइटनं पुन्हा आपलं रूप बदललं. स्टाफरूममध्ये दिवसभर तोच विषय. "मॅडम, तुमच्याकडं आलं का नवीन? सगळं इकडचं तिकडं करून ठेवलंय बघा," आमच्या कॉलेजात नव्यानं आलेली इंग्रजीची शिक्षिका वैतागून म्हणाली. कुणाला रंग आवडला नव्हता, कुणाला अक्षरं मोठी वाटत होती. गणिताच्या सरांनी तर चुकून सासऱ्यांच्या फोटोखाली रडका चेहरा टाकला होता. सगळे हसले. मी "आलंय," एवढंच म्हणाले आणि हजेरीपट उचलून वर्गावर गेले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मला हसू येत नाही, याला कारण माझे वडील.

अप्पांचं लातूरला गोलाईजवळ भांड्यांचं दुकान होतं. ते गिऱ्हाइकाला भांडं दाखवायचे नाहीत, ऐकवायचे. पातेलं डाव्या हातावर तोलून उजव्या हाताच्या बोटानं टिचकी मारायची आणि म्हणायचं, "ऐका. हे बोलतंय बघा." दिवसभर बोलणं हाच त्यांचा धंदा. घरी आले तरी बोलणं संपायचं नाही. जेवताना बोलत, विभूती लावताना बोलत. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची, "ह्यांच्या तोंडाला झाकण न्हाई दिलं देवानं."

मग एका सकाळी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, आणि त्यांच्याबरोबर वाचा गेली. एकही शब्द मागे उरला नाही, घशातून नुसता आवाज यायचा. वर्तमानपत्र समोर धरलं तर त्यावरून नजर फिरायची, पण चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. डॉक्टर म्हणाले, "अक्षरं दिसतात त्यांना, पण लागत नाहीत." त्यांना समजायचं मात्र सगळं. घरात कोण आलं, कोण गेलं, कोणाचं काय चुकलं, ते सगळं डोळ्यांत दिसायचं. फक्त बाहेर पडायला वाट नव्हती.

हमीदचाचा किनवटचे. तरुणपणी एका भांड्यांच्या कारखान्यासाठी ते गावोगाव फिरून ऑर्डरी घ्यायचे. लातूरला आले की मुक्काम आमच्याकडे. सुरुवातीला आमच्या घरात त्यांच्यासाठी एक पेला वेगळा ठेवलेला असायचा. अप्पांनी एक दिवस काही न बोलता त्याच पेल्यातून चहा प्यायला सुरुवात केली. मग तो पेला वेगळा राहिला नाही. मी लहान होते, पण ते मला आठवतं, कारण अप्पांनी काही न बोलता केलेली ती पहिलीच गोष्ट असावी.

चाचा अप्पांना 'शिवा' म्हणायचे. त्या नावानं त्यांना हाक मारणारं दुसरं कुणी उरलंच नव्हतं. दोघं अंगणात खाटेवर बसून तासन्‌तास बोलत. चाचांच्या तोंडून आम्ही किनवटचं जंगल ऐकलं. सागाच्या पानांवर पाऊस पडतो तेव्हा तो कसा वाजतो, मोहाची फुलं वेचायला बायका किती लवकर निघतात, सहस्रकुंडाचा धबधबा अंगावर कसा येतो. पुढे चाचांनी फिरती सोडली, मुलगा सलीम शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम करू लागला, आणि म्हातारपणी चाचांचे कान गेले. यंत्र लावलं तरी नुसता गलका ऐकू यायचा.

एकाला बोलता येत नाही, एकाला ऐकू येत नाही. दोघांत सागाच्या जंगलापासून मांजरेच्या काठापर्यंतचं अंतर. फोन असून त्याचा काय उपयोग?

म्हणून मी अप्पांच्या मोबाइलवर ती साइट घालून दिली. चाचांना सलीमनं आधीच शिकवलं होतं. अप्पांना शिकवायला मला एक अख्खी सुट्टी लागली. अक्षर लागत नव्हतं, पण जागा लागायची. वरच्या बाजूला गोल चेहऱ्यांची रांग, त्यात पहिला चेहरा पांढऱ्या दाढीचा, तो दाबायचा. फोटो उघडतो. फोटोच्या खाली डाव्या कोपऱ्यात बदाम. त्याच्यावर बोट ठेवलं की तो लाल होतो आणि टाकणाऱ्याला ते कळतं; नुसतं बघितलं तरी कळतं. बस, एवढंच.

रोज सकाळी अव्वा त्यांच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवायची, पाणी घालायची, बेल वाहायची. एक हात निकामी, दुसऱ्यावर देव, त्यामुळे पूजा तिच्याच हातून. ती झाली की त्याच डाव्या हातात मोबाइल. चाचा रोज एक फोटो टाकायचे. स्टेशनवरचं रिकामं बाकडं. सीताफळांची पाटी घेऊन बसलेली आदिवासी बाई. शिवणयंत्राच्या झाकणावर चढून बसलेलं शेळीचं करडू. पैनगंगेच्या पाण्यात सोडलेले स्वतःचेच पाय. बहुतेक फोटोंत एका कडेला चाचांचं बोट आलेलं असायचं. अप्पा फोटो बराच वेळ बघत आणि मग बदाम लाल करत. तोंडाच्या एका बाजूनं हसत. तिकडे किनवटला तो लाल बदाम पोचायचा, आणि चाचांना कळायचं की शिवा उठला, तोंड धुतलं, पूजा झाली, आजचा दिवस सुरू झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोटो. जवळपास सगळं आयुष्य बोलण्यात घालवलेल्या दोन माणसांचं बोलणं आता एवढं उरलं होतं. पण ते बोलणं होतं. अप्पांच्या चेहऱ्यावर ते झाल्याचं दिसायचं.

मग ती काढणी आली. काही वर्षं झाली त्याला. लातूरला उकाडा अजून गेला नव्हता आणि भावाच्या शेतात कापलेल्या सोयाबीनची बनीम रचून झाली होती. त्या दिवसांत साइटनं रूप बदललं. माझ्या मोबाइलवरही बदललं. मला दोन दिवस चुकल्यासारखं झालं, तिसऱ्या दिवशी बोटांना सवय झाली. माझी बोटं तरुण नाहीत, पण शहाणी आहेत. त्यांना वाचता येतं.

अव्वाचा फोन आला. "ह्यांचं काईतरी बिनसलंय गं. मोबाइल घेतात, बघतात, आन्‌ मग ठिवून देतात. जेवण बी कमी झालंय."

"पडले वगैरे का? बी.पी. बघितलं?"

"बी.पी. बरं हाय. मला वाटतं हमीदभाईनीच फोटो टाकायचं बंद केलंय. रोज उघडून बघायलेत बिचारे, कायबी येत न्हाई. कुणी बाया नाचायलेत, कुणी बाप्या वरडायलाय, आसलंच कायतरी यायलंय त्यात."

मी म्हणाले, चाचांची तब्येत बरी नसेल, दिवाळीच्या सुट्टीत आले की सलीमला फोन लावू. अव्वा म्हणाली, "बघ बाई. का ते बी आता आपल्याला इसरले, काय म्हाईत. दिवस कसले आलेत." ती हे सहज म्हणाली होती. हल्ली सगळेच असं सहज म्हणतात. कॉलनीतल्या ग्रुपवर, लग्नाच्या पंगतीत, दळणाच्या रांगेत. नुसतं 'दिवस कसले आलेत' म्हणायचं, पुढचं समोरच्यानं आपलं आपण भरून घ्यायचं.

दिवाळीला लातूरला गेले. पाडव्याला दुकानातल्या ओळखीचे एक व्यापारी घरी आले. नमस्काराचं 'शरणार्थ' झालं, फराळ झाला. ते भोकर-किनवटकडे माल पोचवतात. चकली मोडता मोडता ते म्हणाले, "अप्पा, तुमचे ते हमीदभाई गेले की. मी त्या दिवशी किनवटलाच होतो. तुम्ही कुणी दिसला न्हाई मयतीला."

अप्पांच्या घशातून एक आवाज निघाला. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. व्यापारी घाबरून उठले. "तुम्हाला म्हाईत न्हवतं? मला वाटलं..." ते चकलीचा तुकडा हातात घेऊन तसेच उभे राहिले.

ते गेल्यावर अप्पांनी डाव्या हातानं मोबाइल माझ्या मांडीवर ढकलला. मी चाचांचं नाव शोधलं. नाव सापडलं, पण पान कोरं होतं. मला उलगडा होईना. मी म्हणाले, "अप्पा, तुम्ही काय करता ते दाखवा बरं मला. रोजच्यासारखं करा." समोर माझाच एक फोटो आला होता, कॉलेजच्या अंगणातला. अप्पांनी तो नीट बघितला. मग अंगठा खाली डाव्या कोपऱ्यात ठेवला.

मी नाहीशी झाले. माझ्या जागी एक राखाडी पट्टी आली आणि तीत बारीक अक्षरांत वाक्य होतं, की या व्यक्तीचे फोटो यापुढे कमी दाखवले जातील.

बदाम उजवीकडे गेला होता. त्याच्या जुन्या जागेवर आता काट मारलेलं एक छोटं वर्तुळ होतं. नको असलेलं दूर करण्याची सोय. अप्पांनी रोज सकाळी पूजा झाल्यावर त्यांच्या मित्राला मनापासून बदाम दिला होता, आणि साइटला दर वेळी कळत गेलं होतं की ह्या म्हाताऱ्याला हा माणूस बघायचा नाही. काही दिवसांनी तिनं दाखवणंच बंद केलं.

मी ते सगळं पूर्ववत केलं. तेव्हा चाचा एकदम आले. एकामागून एक, खळ न पडता. त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता. रस्त्यावर वाळत घातलेला कापूस. सागाला आलेला पांढरा तुरा. मशिदीच्या पायरीवर झोपलेलं कुत्रं. आधीच्या फोटोंखाली कधी काही लिहिलेलं नसायचं, कारण अप्पांना वाचता येत नाही हे चाचांना ठाऊक होतं. पण पुढे पुढे फोटोंखाली अक्षरं दिसू लागली. माणसाला राहवत नाही तेव्हा तो न वाचणाऱ्यालाही लिहितो.

अप्पांनी त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी वाचलं, "शिवा, तबियत ठीक हैना?"

पुढच्या फोटोवर बोट. "सलीम बोला तू देखताय, पर दिल नहीं देता. नाराज हैगा क्या मेरेपे?"

त्याच्या पुढच्याखालचं मी मनात वाचलं आणि फोटो पुढे सरकवला. अप्पांनी माझं मनगट धरलं आणि फोटो मागे आणला. त्यांना अक्षर लागत नव्हतं, पण तिथं काहीतरी आहे आणि ते मी टाळतेय, हे लागलं होतं. मग मी वाचलं. "लोगां बोलते जमाना खराब हैगा. मैं बोलता मेरा शिवा वैसा नहीं. तू भी क्या रे?"

शेवटचा फोटो दवाखान्यातल्या खिडकीचा होता. गज, आणि गजांपलीकडे गोदावरीवरचा पूल. तो नांदेडचा पूल. माझ्या घरापासून रिक्षानं जेमतेम दहा रुपयांचं अंतर. रोज कॉलेजला जाताना मी त्या पुलावरून जाते. त्या फोटोखाली काहीच लिहिलं नव्हतं. कडेला चाचांचं बोट मात्र आलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी पूजा होऊ दिली आणि मग टोपी घालून दारातल्या खुर्चीवर जाऊन बसले. अव्वा म्हणाली, "कुठं निघालात?" त्यांनी काठीनं रस्ता दाखवला. मी नवऱ्याला गाडी काढायला सांगितलं. अहमदपूर, लोहा, नांदेड, मग भोकर, हिमायतनगर. वाटेत रानोरानी मळण्या चालल्या होत्या, काचा वर केल्या तरी भुसा आत येत होता. अप्पा एका हातानं पुढच्या सीटची कड धरून बसले होते. त्यांनी वाटेत पाणीसुद्धा घेतलं नाही.

सलीमचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. आश्रमशाळेचे निळे शर्ट ओळीनं लटकवलेले होते. आम्हाला बघून तो यंत्रावरून उठला. चाळिशीचा माणूस, डोळ्यांखाली काळं. त्यानं अप्पांना धरून आत आणलं, पाणी दिलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं. सगळं रीतीप्रमाणे केलं. त्यात कुठं उणं काढायला जागा नव्हती. पण लहानपणी आमच्या अंगणात माझ्याबरोबर चिंचोके खेळलेला सलीम त्यात कुठं नव्हता.

आधी तो आम्हाला कबरस्तानात घेऊन गेला. माती अजून उंच होती. अप्पा काठी टेकून उभे राहिले, मग त्यांना उभं राहवेना म्हणून सलीमनंच एका दगडावर बसवलं. अप्पांनी बसल्या बसल्या डाव्या हाताचा तळवा मातीवर ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

घरी आल्यावर मी म्हणाले, "सलीम, आम्हाला कळलंच नाही रे. फोन का नाही केलास?"

तो मान खाली घालून म्हणाला, "खोटं कशाला बोलू, ताई. करावा वाटला न्हाई. अब्बा रोज मोबाइल घेऊन बसून राहिले होते. मेरेकू इचारायचे, आया क्या रे? मी म्हणायचो, नेट स्लो हाय अब्बा. किती दिवस नेट स्लो म्हणायचं? दवाखान्यात मी म्हटलं, शैलाताई नांदेडलाच ऱ्हाते, बोलावू का? तर म्हणले, नक्को. त्यांची मर्जी न्हाई तं नक्को."

मी त्याला सगळं सांगितलं. बदामाची जागा बदलली, तिथं दुसरं बटन आलं, अप्पांना वाचता येत नाही, ते तर रोज बदामच देत होते. सांगताना माझं मलाच ते किती लहान, किती बनवल्यासारखं वाटायला लागलं. एवढ्या वर्षांची दोस्ती, आणि मध्ये काय आलं तर बटन.

सलीमनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दाखवता का? कुठं आलं होतं ते?"

त्यानं आपला मोबाइल पुढे केला. मी साइट उघडली, एक फोटो समोर आणला आणि खाली बोट नेलं.

डाव्या कोपऱ्यात बदाम होता.

लोकांनी तक्रारी केल्या असतील. एका रात्रीत त्यांनी तो गुपचूप मूळ जागी आणून ठेवला होता. काट मारलेलं वर्तुळ कुठंच नव्हतं. मी वर-खाली शोधलं. माझ्या मोबाइलवर बघितलं, तिथंही नाही. अप्पांच्या मोबाइलवरची खूण तर मीच आदल्या दिवशी पुसली होती. अप्पांनी पुढे वाकून त्या कोपऱ्यावर बोट दाबलं, पुन्हा दाबलं, घशातून काहीतरी सांगत राहिले. प्रत्येक दाबण्याला बदाम लाल होत होता, पांढरा होत होता, लाल होत होता.

सलीमनं हळूच मोबाइल काढून घेतला. "असंल, ताई," तो म्हणाला. "बटनच असंल."

त्यानं आम्हाला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. त्याच्या बायकोनं आमच्यासाठी भाजी वेगळ्या कढईत केली होती. निघताना त्यानं खाली बसून अप्पांच्या लुळ्या पायात चप्पल घातली आणि गाडीचं दार लावलं. त्यानं माझं खरं मानलं की नाही, मला आजही ठाऊक नाही. त्याच्या जागी मी असते तर मानलं असतं का, हेही ठाऊक नाही. ह्या दिवसांत कुणाचं तोंड कुणीकडे फिरेल याची सगळ्यांनीच आधीपासून तयारी करून ठेवलेली असते. मग बटन एक निमित्त होतं, आणि बटनाची गोष्ट निमित्तासारखीच ऐकू येते.

अप्पांनी त्यानंतर मोबाइल हातात घेतला नाही. पूजा झाली की ते डावा हात तसाच मांडीवर उघडा ठेवून बसत.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. मी सलीमला फोन केला. तो म्हणाला, "लई वाईट झालं, ताई. निघतो मी." किनवटहून लातूर म्हणजे दिवसाचा रस्ता, त्यात ते दिवस शाळा उघडण्याच्या तोंडावरचे, शिवणाऱ्याला मान वर करायला सवड नसते. तरी तो निघतो म्हणाला होता. म्हणून मी भावाला थांबायला सांगितलं.

आमच्या लिंगायतांत बसवून पुरतात. अप्पांना विमानात, म्हणजे फुलांनी सजवलेल्या डोलीत, बसवून स्मशानभूमीत आणलं, कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग. खड्डा तयार होता. ऊन चढत चाललं होतं, बायका पदरानं वारा घेत होत्या, माणसं घड्याळं बघत होती. मी फाटकाकडे तोंड करून उभी होते. दोनदा रिक्षा आली, दोन्ही वेळा दुसरंच कुणी उतरलं. फोन लावला तर नुसता वाजत राहिला.

मठाचे स्वामी माझ्याजवळ आले. "ताई, अजून कोण यायचं हाय का?"

मी रस्त्याकडे एकदा बघितलं.

"न्हाई," मी म्हणाले. "तुम्ही चालू करा."